बदललं तेवढंच

"तुला पोहता येत नाही, म्हणून म्हणते," बोर्गहिल फोनवर म्हणाली, आणि टोरलाइफच्या मानेवरून पाण्याचा एक थेंब घरंगळत शर्टाच्या आत उतरला. केस अजून ओले होते. खांद्यावरचा टॉवेल ओला होता आणि फोन धरलेल्या हाताला तलावातल्या औषधाचा उग्र वास येत होता. दर रविवारी सकाळी तो पोहायला जायचा, परत येऊन कॉफी ठेवायचा, आणि ती होईपर्यंत नॉर्वेच्या उत्तरेला, गावी राहणाऱ्या थोरल्या बहिणीला फोन लावायचा. इतकी वर्षं हे चाललं होतं की क्लोरिन, कॉफी आणि बोर्गहिलचा आवाज ही त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होऊन बसली होती. ती सांगत होती, की जूनमध्ये चुलतभावाची, ओड्वारची, नवी बोट पाण्यात उतरायची आहे, सगळे समोरच्या बेटावर जाणार आहेत, तू येणार असलास तर तुझ्यासाठी चांगलं लाइफ जॅकेट बघून ठेवते. बाकीच्यांचं काही नाही, पण तुला पोहता येत नाही. "येतोस का मग?" "बघतो," तो म्हणाला. "आणखी नवीन काही?" "काही नाही. तुझं?" "सगळं तसंच." कॉफीचं यंत्र खरखरलं आणि फोन बंद झाला.

त्याला राग आला नव्हता. आधी हसूच आलं. मग जिन्यात अंधार असताना आणखी एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि तो एकदम जमिनीवरच आदळावा, तसं काहीतरी झालं. गुडघ्यात एक हलका हिसका. गेली पंचवीसेक वर्षं तो पोहत होता. बर्गनमधल्या तलावावरची तिकीट देणारी बाई त्याला नावानं ओळखायची. हे बहिणीला माहीत नाही, हे कसं शक्य होतं? त्यानं सांगितलंच असणार. कधी सांगितलं, ते आठवायला तो बसला. टॉवेलमधलं पाणी खुर्चीच्या गादीत मुरत राहिलं आणि कपातली कॉफी गार झाली. लहानपणी गावात कुणालाच पोहता येत नसे. वडलांना येत नव्हतं, त्यांच्या बोटीवरच्या कुणालाही येत नव्हतं. तिथल्या पाण्यात जो पडेल तो गारठूनच जाईल, मग शिकून काय करायचं, असा एकूण हिशोब. तो शिकला एकतिसाव्या वर्षी, आन्नेलीसकडून. ती डच होती. पुढे त्याची बायको झाली, आणि नंतर नाही राहिली. गुडघाभर पाण्यात पाठीखाली तिनं तळहात धरला होता. "मान सोड," ती म्हणाली होती. "पाण्याचं तुझ्याशी काही भांडण नाहीये." कानांत पाणी शिरलं, सगळे आवाज दूर गेले, छताच्या काचा हलायला लागल्या, आणि तिचा हात नेमका कधी निघून गेला ते त्याला कळलंच नाही. ज्या आठवड्यात तो पहिल्यांदा या कडेपासून त्या कडेपर्यंत पोहला, त्या रविवारी त्यानं फोन लावला तेव्हा ही बातमी त्याच्या अगदी ओठांवर होती. ते ओठांवर असणं त्याला आता स्वच्छ आठवलं. पण बोर्गहिलनं फोन उचलल्या उचलल्या सांगितलं, की वादळात गोठ्याचं छप्पर उडून गेलंय. एक पत्रा शेजाऱ्याच्या अंगणात, एक रस्त्यापलीकडे आणि एक मिळालाच नाही. सबंध बोलणं त्या न मिळालेल्या पत्र्याभोवती फिरत राहिलं. पुढच्या रविवारी त्याचं पोहणं आठवडाभर जुनं झालं होतं, आणि नवीन काय, असं विचारल्यावर माणूस आठवडाभर जुनं सांगत नाही. त्याच्या पुढच्या रविवारी तर ते बातमीच राहिलं नव्हतं. तो पोहत होता, इतकंच. ते आता कुठल्या रविवारी सांगायचं?

सोमवारी ट्राममध्ये, काचेला डोकं टेकलेलं असताना, त्याच्या लक्षात आलं की आपण हे ओळखतो. हे आपलंच काम आहे. त्याची कंपनी समुद्रावरच्या बोटींना नकाशे पुरवायची. उपग्रहामार्फत आकाशातून जाणारी वाट अरुंद असते आणि नकाशाची फाइल जाडजूड. सगळी फाइल पुन्हा पुन्हा पाठवत बसलं तर बोट बंदराला लागेपर्यंत ती पोचायची नाही. म्हणून जुनी आणि नवी समोरासमोर ठेवायची, दोन्हींत काय बदललं ते काढायचं आणि बदललं तेवढंच पाठवायचं. बोटीवरचा प्रोग्रॅम ते जुन्यात बसवून नवीन तयार करतो. नव्या मुलांना शिकवताना टोरलाइफ म्हणायचा, "त्यांच्याकडे आहे ते परत कशाला द्यायचं?" तरुणपणी या कल्पनेनं तो खुळावला होता. एवढासा तुकडा जातो आणि पलीकडे सबंध नकाशा उभा राहतो. मग कधीतरी एका मालवाहू बोटीच्या कप्तानाचा फोन आला होता. शांत माणूस. तक्रार करत नव्हता, त्याला नवल वाटत होतं. "तुमच्या नकाशात इथं दीपगृह आहे," तो म्हणाला होता. "मी खिडकीत उभा आहे. इथं काहीही नाही." शोधल्यावर कळलं, की ते दीपगृह कधीचंच बंद केलेलं होतं. ज्या दिवशी ते नकाशातून काढलं, त्या दिवशी बोटीवरचं यंत्र दुरुस्तीसाठी बंद होतं, आणि तेवढा एक तुकडा हुकला. त्यानंतरचे सगळे तुकडे मात्र नीट पोचले आणि नीट बसले, कारण त्यांचा त्या जागेशी संबंधच नव्हता. कुठेही कुरकुर झाली नाही. दीपगृह नसणं ही किनाऱ्यावर आता बातमी नव्हती, म्हणून ती पुन्हा कुणी पाठवणार नव्हतं. आणि बोटीवरच्या नकाशात ते रोज रात्री, नियमानं, जळत होतं.

त्यानंतर त्यानं रीत बदलली होती. काही पाठवायच्या आधी बोटीला विचारायचं, तुझ्याकडे आहे ते नेमकं काय आहे? तेही सगळं मागवायचं नाही, त्याला वाटच पुरत नाही. बोटीनं आपल्या फाइलचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याचा आकड्यांतला एक लहानसा ठसा काढायचा आणि फक्त ठसे पाठवायचे. इथले ठसे आणि तिथले ठसे शेजारी ठेवले, की जुळलं ते सोडून द्यायचं. जिथे जुळत नाही, तिथे थांबायचं. या थांबण्याची त्याला पहिल्यापासून एक विलक्षण ओढ होती. पलीकडे काहीतरी वेगळं आहे, ते नेमकं कुठं आहे आणि केवढं आहे हे कळलेलं असतं, पण काय आहे ते कळलेलं नसतं. बंद दारापलीकडे कुणीतरी चालतंय आणि पावलांवरून फक्त वजन कळावं, तसं.

"मग सांगून टाक ना तिला," शेजारच्या टेबलावरची इल्वा म्हणाली. ती त्याच्यापेक्षा बरीच लहान होती आणि जेवणाच्या सुट्टीत पावावर ब्राऊन चीज कापत होती. "फोन उचल आणि म्हण, मला पोहता येतं. झालं."

"सांगेन. पण आधी मला बघायचंय, आणखी कुठं कुठं जुळत नाही ते."

"बहिणीला टेस्टिंगला लावतोयस तू."

"मीच टेस्टिंगला लागलोय. तिच्याकडे माझी कुठली प्रत आहे, ते बघतोय."

"आणि त्यातला तू आत्ताच्या तुझ्यापेक्षा बरा निघाला तर?" इल्वानं विचारलं, आणि चीजचा तुकडा तोंडात टाकून ती पुन्हा पडद्याकडे वळली. तो मात्र संध्याकाळपर्यंत त्या प्रश्नाशी खेळत राहिला.

पुढचे काही रविवार त्यानं चाचपत काढले. बोलता बोलता मध्येच एखादा प्रश्न सोडून द्यायचा. "बोर्गहिल, मला कुत्री आवडतात का गं?" "तुला बरं आहे ना?" ती म्हणाली. "कुत्रं दिसलं की तू टेबलावर चढायचास." त्यानं स्वतः एक कुत्रा पाळला होता, तो म्हातारा होऊन त्याच्या मांडीवर मेला होता. त्या वर्षी फोनवर कशाकशाबद्दल बोलणं झालं होतं? कॉफीत तो दोन चमचे साखर घेत होता, तिच्या हिशोबानं. माशाचं काळीज त्याला बघवत नव्हतं. वडील ज्या पक्षाला मत द्यायचे त्यालाच तो देत होता. तिच्या डोक्यात एक माणूस राहत होता, विशीतला, घरातून बॅग घेऊन निघालेला, आणि त्याच्या अंगावर मागाहून आलेल्या बातम्या एकेक करून चढवलेल्या होत्या: नोकरी, लग्न, घटस्फोट, गुडघ्याचं ऑपरेशन. काही गोष्टी मात्र अशा जुळत, की तोच चपापायचा. "खोटं बोलायचं असलं की तू आधी नाक ओढतोस," ती म्हणाली, "आत्ताही ओढलंस." त्यानं नाक ओढलं होतं. हा खेळ त्याला आवडायला लागला. मग एका बुधवारी, दुकानात लोकरीच्या गुंड्यांसमोरून जाताना, दर नाताळात बोर्गहिलला पाठवतो ती राखाडी लोकर दिसली आणि तो थांबला. बोर्गहिल विणते. बोर्गहिल एकटी राहते. बोर्गहिलला माणसांची गर्दी सोसत नाही, ती पहाटे उठते, तिची जाड वेणी पाठीवर असते. हे सगळं त्याला माहीत होतं. पण केव्हापासून माहीत होतं? शेवटचा तो तिथं गेला होता तो आईला पुरायला. आपल्या नकाशात कुठली दीपगृहं जळतायत, हे आपणही कधी विचारलेलं नाही. लोकर न घेता तो दुकानाबाहेर पडला आणि रस्त्यातच त्यानं तिकीट काढलं. रविवारी त्यानं तिला सांगितलं, "येतो मी." "येतोस?" ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात आनंद होता, पण आनंदाच्या खाली आणखी काहीतरी चाललं होतं. त्याचं फक्त वजन कळलं.

छोट्या विमानातून तो उतरला तेव्हा बोर्गहिल आलेली नव्हती. दाराशी पांढऱ्या मिशांचा एक धिप्पाड माणूस उभा होता. त्यानं टोरलाइफला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, जणू वर्णनाशी ताडून बघत होता, आणि मग हात पुढे केला. "तुम्ही टोरलाइफ. मी लेशेक." त्याचं नॉर्वेजियन चांगलं होतं, फक्त शब्दांच्या कडा पोलंडच्या होत्या. "बोर्गहिल घरी आहे. घाबरलीय."

"कशाला?"

लेशेकनं जरा विचार केला. "मला," तो म्हणाला. "म्हणजे, माझ्यामुळं. तुम्हाला." बॅग गाडीत ठेवता ठेवता त्यानं बाकीचं सांगून टाकलं, अगदी सरळ, हवामान सांगावं तसं. तो आधी मासे कापायच्या कारखान्यात होता. तिच्याकडं राहायला येऊन सात वर्षं झाली. "तुमची मला सगळी माहिती आहे. कॉफीत दोन चमचे साखर. आमच्या घरात साखर नसते, मी काल आणून ठेवली. कुत्रं शेजारी बांधलंय, काळजी करू नका. आणि जॅकेट मागच्या सीटवर आहे, घालून बघा. तुमच्यासाठी मुद्दाम मोठं आणलंय." टोरलाइफनं मागं वळून पाहिलं. भडक नारिंगी जॅकेट, नवं कोरं, लेबलासकट, सीटवर माणसासारखं बसवून ठेवलेलं होतं आणि त्याला पट्टासुद्धा लावलेला होता. गाडी खाडीच्या कडेनं निघाली. त्याची ती जुनी प्रत बोर्गहिलपाशीच थांबलेली नव्हती. ती तिनं पुढं दिली होती, आणि एका परक्या माणसानं त्या प्रतीसाठी साखर आणली होती. सात वर्षं. तीनशेवर रविवार, आणि प्रत्येक रविवारी हा माणूस त्याच खोलीत असणार, पेपर वाचत, कप विसळत, आवाज न करता.

स्वयंपाकघरात खिडकीच्या फळीवर आंबवलेल्या काकड्यांच्या बरण्या ओळीनं मांडल्या होत्या आणि त्यांतून शेपूचा वास येत होता. बोर्गहिल टेबलाला टेकून उभी होती. केस कानापर्यंत कापलेले. हात तिनं ॲप्रनच्या खिशात घातले होते. "ओरड आता," ती म्हणाली.

"कशाला ओरडू?"

"सात वर्षं झाली म्हणून."

"का नाही सांगितलंस?"

"सांगणार होते. तो आला त्या पहिल्याच रविवारी सांगणार होते. फोन उचलला तर तू म्हणालास, आन्नेलीस गेली. ज्याची बायको नुकती घर सोडून गेलीय त्याला कसं सांगायचं, की माझ्याकडं माणूस आलाय? पुढच्या रविवारी तुझा आवाज आणखी खाली गेलेला. त्याच्या पुढच्या रविवारी तू विचारलंस, नवीन काय, तर नवीन काय होतं? हा आलेला नव्हता, राहत होता." तिनं खिशातून हात काढून कॉफीची किटली उचलली, आणि त्याला तिची बोटं दिसली. सांध्यांशी सुजलेली, एकाच बाजूला कललेली, वाऱ्यानं वाकलेल्या झुडपासारखी. किटली ती दोन्ही तळहातांत दाबून धरत होती.

"मग ती लोकर?" त्यानं विचारलं.

"चर्चच्या बाजारात जाते. अर्धं गाव तुझ्या लोकरीत हिंडतंय." लेशेकनं साखरेचं भांडं त्याच्यापुढं सरकवलं. टोरलाइफनं ते हळूच मागं सरकवलं. बोर्गहिलनं ते पाहिलं, त्याच्याकडं पाहिलं.

"बोर्गहिल," तो म्हणाला, "मला पोहता येतं."

"कुठं?"

"पाण्यात."

"कधीपासून?"

"तुझ्या गोठ्याचं छप्पर उडालं तेव्हापासून."

ती खुर्चीत बसली. आधी तिचे खांदे हलले, मग ती हसायला लागली, तोंडावर ॲप्रन धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. लेशेक एकदा तिच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघत राहिला, आणि मग, तुम्हाला नको असेल तर गाडीतलं जॅकेट परत करू का, असं त्यानं टोरलाइफला गंभीरपणे विचारलं. "आणि याला तुम्ही-तुम्ही काय करतोयस," बोर्गहिल डोळे पुसत लेशेकला म्हणाली. "माझा भाऊ आहे, राजा नाही."

ओड्वारच्या बोटीच्या दिवशी बेटाच्या आडोशाला टोरलाइफ पाण्यात उतरला. थंडीनं छाती आवळून धरली, श्वास दातांतून यायला लागला, तरी तो खडकाला वळसा घालून आला. ओड्वारनं टाळ्या वाजवल्या. बोर्गहिलनं वाजवल्या नाहीत. ती नुसती बघत होती, ओठ किंचित उघडे ठेवून. ओळखीच्या आवाजाचा अनोळखी माणूस बघावा तशी. घरी परतल्यावर त्याला दोन गोधड्यांत गुंडाळून तिनं टेबलाशी बसवलं, कुत्र्याला शेजारून आणून त्याच्या पायाशी सोडलं, आणि म्हणाली, "आता पहिल्यापासून." कोण पुढं सांगतंय आणि कोण विचारतंय, याचा हिशोब राहिला नाही. तिला वाटत होतं, वडलांशी भांडून तो घरातून गेला. त्याला आठवत होतं, तिनंच त्याला जा म्हणून सांगितलं होतं. "मी?" "गोठ्याच्या दारात. म्हणालीस, जा, इथं दोघांना पुरेल एवढं काही नाही." तिनं डोळे बारीक केले. "म्हणाले असेन," ती शेवटी म्हणाली. "मला तू जायला हवा होतास. कुणीतरी जायला हवं होतं." गावातला मास्तर, निळी सायकल, खोकला, कुणाच्या हातून फुटलेली बशी. जुळलं की लेशेक खूश होऊन मान डोलवायचा, नाही जुळलं की पुढं सरकून बसायचा. या घरात इतकं बोलणं त्यानं कधी ऐकलेलं नव्हतं. खिडकीबाहेर उत्तरेकडचा, जूनमध्ये न मावळणारा उजेड तसाच होता आणि जेवणाची वेळ टळून चालली होती.

मग आईचा विषय निघाला. इस्पितळातला शेवटचा दिवस. टोरलाइफ म्हणाला, "तू तेव्हा कॉफी आणायला गेली होतीस."

"मी नाही," बोर्गहिल म्हणाली. "तू गेला होतास."

"मी तिच्याजवळ होतो. माझ्या हातात तिचा हात होता. तू परत आलीस तेव्हा तुझ्या हातात दोन कागदी कप होते."

"दोन कप तुझ्या हातात होते. तू दारातच थांबलास, आणि मी मान हलवली."

लेशेकनं दोघांकडं पाहिलं. "दोघंही एकटेच तिच्याजवळ कसे असाल?" त्यानं हळूच विचारलं. टोरलाइफनं आठवणीतल्या त्या दोन कपांकडं पुन्हा पाहिलं. कागदानं बोट भाजत होतं का? काठावर झाकण होतं का? त्याला ते बहिणीच्या हातात दिसत होते, अगदी स्वच्छ, एकातून वाफ येत होती. आणि पलीकडं बोर्गहिलही तसंच बघत होती, त्याच्या हातांकडं. कामावर असं झालं की प्रश्नच नसे, किनाऱ्यावरची फाइल ती खरी, बोटीवरची तिच्यासारखी करून घ्यायची. इथं दोघंही बोटीवर होते. परिचारिका कधीच निवृत्त झाली असेल, इस्पितळाचा तो भाग पाडून नवीन बांधलाय म्हणे. तिसरी प्रत कुठंच नव्हती. इतकी वर्षं ज्याच्या आधारानं आपण बरे होतो, ते कदाचित आपलं नव्हतंच. कदाचित आपण दारात दोन कप घेऊन उभे होतो. हे तिलाही त्याच क्षणी वाटत असणार, हे त्याला तिच्या मानेवरून कळलं. एकानं हट्ट धरला असता, तर दुसऱ्याकडं उरलेली आई गेली असती.

कुत्र्यानं पायाशी कूस बदलली. बोर्गहिलनं टेबलावरचे पावाचे कण वाकड्या बोटांनी एकत्र केले, पुन्हा पसरले.

"तुझ्यापाशी," ती म्हणाली, "ती काही बोलली?"

"बटाटे काढून झाले का, असं विचारलं. मी हो म्हणालो. झाले नव्हते."

"नव्हतेच. पावसानं राहिले होते." तिनं कापलेल्या केसांवरून हात फिरवला. "माझ्यापाशी ती बोलली नाही. तिनं माझी वेणी सोडली. मला वाटलं, नुसती धरायचीय तिला. तर सोडली, बोटांनी विंचरली, आणि परत घालायला घेतली. अर्ध्यापर्यंत घातली."

टोरलाइफच्या डोळ्यांसमोर आईची बोटं आली, लाल, चिरा पडलेली, केसांचे तीन पेड सावकाश एकमेकांवर टाकणारी. अशी ती त्यानं कधी पाहिली नव्हती. ती आता त्याच्याकडं होती. त्यानं काही विचारायला तोंड उघडलं, पण त्याच्याआधी बोर्गहिलनंच खुर्ची ओढून त्याच्या गुडघ्यांना भिडवली, आणि लहानपणी गोष्ट ऐकायला बसायची तशी हनुवटी तळहातावर टेकवली.

"बटाट्यांचं नीट सांग," ती म्हणाली. "ती कुठं बघत होती? खिडकी उघडी होती का?"